बारीची फियाट

मळा, दिंडोरी
२ डिसेंबर २०२४

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

योगेश शनिवारी बागेची औषधं घ्यायला नाशिकला आला होता. येताना तुझ्या बिल्डिंगपाशी थांबला. तू घरी नव्हतास. गाडी होती. चाकांच्या कडेला वाळलेला पाला साठलाय आणि टपावर मांजर पिल्लं घेऊन बसलंय, असं त्यानं येऊन सांगितलं. चालत्या गाडीखाली पाला साठत नाही.

हे वर्ष गाडी तुझ्याकडे आहे. चैत्री पाडव्याला माझी बारी सुरू होते. शहरात राहून विसरला असशील, म्हणून पुन्हा लिहितो. वाटणीत जमीन निम्मी झाली, भांडी निम्मी झाली. विहीर निम्मी करता येईना म्हणून तिच्या पाण्याला बारी लावली. राहिली आबांची फियाट. पंच म्हणाले, विका. आई म्हणाली, विहिरीसारखीच बारी लावा. एक वर्ष याची, एक वर्ष त्याची. द्यायची ती चालू इंजिनानं द्यायची, म्हणजे बंद पडलेली गळ्यात मारली असं कुणी म्हणायला नको. आणि ज्या वर्षी बारी चुकेल त्या वर्षी विकून मोकळे व्हा.

आई गेली, पंच गेले. बारी चुकलेली नाही.

गाडीला काय झालंय ते कळव. योगेश म्हणतो फोन करा. फोनवर आपण भांडतो. पत्र लिही.

पुंजा


इंदिरानगर, नाशिक
८ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

पिल्लं नाहीत, मांजर एकटंच आहे. बाकी योगेशनं सांगितलं ते खरं.

दिवाळीपासून गाडी बंद आहे. सुरू होते, खोकते, थांबते. पाथर्डी फाट्यावर संघर्ष नावाचा मिस्त्री आहे, त्याला बोलावलं. त्याचं वय गाडीच्या निम्मं. बॉनेट उघडून त्यानं आधी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि मग पाना हातात घेतला. मला राग आला, पण दोष सापडला. कार्बोरेटर झिजलाय. त्याचं अंग वाकलंय आणि फटीतून तो जास्तीची हवा ओढतो. पेट्रोल किती आणि हवा किती, याचा मेळ राहत नाही. दोनदा घासून बसवला. आता घासायला काही उरलं नाही. दुसराच शोधावा लागेल.

"मिळेल ना?" मी विचारलं.

"काका, हा माल मिळत असता तर मला व्हिडिओ कशाला बघावा लागला असता?"

तुला कळवलं नाही, कारण तू काय लिहिशील ते मला माहीत होतं. "तुझ्या हातात गेली की बंद पडते." वाटणीच्या आधीपासून तू हेच म्हणतोस.

घरी स्नेहलचं वेगळंच. सोसायटीची माणसं पार्किंगवरून तिला टोकतात आणि ती मला. काल म्हणाली, "पप्पा, घरात म्हातारं माणूस असलं की त्याला खोली द्यावी लागते, ते मला कळतं. पण म्हाताऱ्या गाडीला?"

पाडव्याच्या आत कार्बोरेटर मिळवतो. वहिनींना नमस्कार.

गोरक्ष


मळा, दिंडोरी
१५ डिसेंबर २०२४

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

तुझ्या हातात गेली की बंद पडते. लिहायचं राहिलं होतं, लिहिलं.

योगेशबरोबर एक कार्बोरेटर पाठवतो आहे. फवारणीच्या जुन्या इंजिनावरचा आहे. ट्रॅक्टरचा ब्लोअर आला तेव्हा ते इंजिन मोडीत दिलं, हा मात्र मी काढून ठेवला. आबांनी बसवलेला. गंधक, मोरचूद, काय काय त्याच्या अंगावर उडालं, पण बागेत कधी दगा दिला नाही. तुझ्या मिस्त्रीला सांग, व्हिडिओ बंद कर आणि हा लाव.

कार्बोरेटर पुसताना आबांची आठवण झाली. नाशिकच्या डॉक्टरांकडून त्यांनी गाडी जुनी घेतली ते वर्ष तुला आठवत नसेल, तू लहान होतास. पहिल्याच हंगामात त्यांनी मागची सीट काढली आणि द्राक्षाच्या पेट्या भरल्या. बाजारात डॉक्टर भेटले. म्हणाले, "अहो, ही मोटार आहे, बैलगाडी नाही!" आबा म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडे ती नुसती बसून खात होती. आता संसाराला लागली."

मागच्या सीटला अजून गंधकाचा वास येतो का? माझ्या गेल्या बारीत येत होता.

बागेत डावणी रोगाची भीती आहे. सकाळी दव फार पडतं. फवारणी चालू आहे.

पुंजा


इंदिरानगर, नाशिक
२६ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

वास येतो. उन्हात गाडी तापली की जास्त येतो.

तुझा कार्बोरेटर मिळाला. संघर्षनं तो तळहातावर घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "काका, हा लावला तर गाडी रस्त्यानं फवारणी करत जाईल." भोकं जुळत नाहीत आणि तोंड फारच लहान आहे. फियाटचं इंजिन त्याच्यातून श्वास घेऊ शकणार नाही. आबांनी बसवला तो पंपावर बसवला होता, दादा. परत पाठवतो, जपून ठेव.

संघर्षचा दुसरा विचार आहे. मारुतीचा कार्बोरेटर सहज मिळतो. मध्ये एक पट्टी तयार करून घातली की फियाटवर बसतो. पुष्कळांनी बसवलाय आणि गाड्या चालतात. पण दोघांना विचारल्याशिवाय गाडीत बदल करायचा नाही असं आपलं ठरलेलं आहे. मला मान्य आहे. तू हो म्हण, म्हणजे पुढच्या आठवड्यात काम होईल.

लवकर कळव.

गोरक्ष


इंदिरानगर, नाशिक
१९ जानेवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. पोहोचलं नाही की मारुतीचं नाव वाचून रागावलास? योगेशला फोन लावला. "आप्पा ठीक आहेत, काका, बागेची गडबड आहे," म्हणाला आणि ठेवून दिला.

हो की नाही, एवढं तरी लिही.

गोरक्ष


मळा, दिंडोरी
२ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

पत्रं दोन्ही मिळाली. मध्यंतरी अंगात कसर होती. आता बरा आहे. द्राक्षाचा खुडा सुरू झालाय.

मारुतीचा नको. मग ती फियाट राहणार नाही. शोधायचा तर असलच शोध.

पुंजा


इंदिरानगर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

असल म्हणजे काय ते शोधताना मी काय काय पाहिलं, सांगतो. फियाटवाल्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. माणसं आपल्या गाडीचे फोटो टाकतात, जसे पूर्वी मुलींचे स्थळाला पाठवायचे. एकानं कार्बोरेटर आहे म्हणून सांगितलं, निघाला स्कूटरचा. दुसऱ्यानं फोटो पाठवला तो आपल्या कार्बोरेटरपेक्षा जास्त झिजलेला. पुण्यात एकाकडे मात्र नवा आहे. मूळ कंपनीचा नाही, पण हुबेहूब त्या मापाचा. संघर्षनं माप जुळवून पाहिलं. योगेशच्या मोबाइलवर फोटो धाडलाय, तो बघ.

तू इतकं थोडं लिहिलंस, म्हणून मीच जास्त लिहितो.

म्हसरूळच्या पुढे आपण गाडी बदलतो ती जागा परवा बसमधून दिसली. रस्ता रुंद झाला आणि आंबा गेला, तरी आपण थांबतो तिथेच. ना तुझ्या दारात, ना माझ्या. पहिल्या पाडव्याला तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. इंजिन चालू ठेवून मी उतरलो, त्याच दारानं तू चढलास. माझी पिशवी मागच्या सीटवर राहिली. ती मागायची नाही म्हणून मी तसाच एसटीनं परतलो. दुसऱ्या पाडव्याला पिशवी होती तिथेच होती. आत वहिनींनी सांजोऱ्या ठेवल्या होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी तू विचारलंस, "ब्रेक लागतो का?" मी म्हटलं, "लागतो." एवढं बोलायला आपल्याला तीन पाडवे लागले.

आता आपण रस्त्याकडेला उभं राहून चहा पितो, गाडी शेजारी चालू असते आणि तू पेट्रोल जळतं म्हणून घाई करतोस. वर्षातून तेवढीच आपली भेट. बारी चुकली तर ती कशाच्या निमित्तानं होणार, हे मला सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, पुण्याच्या मालाला हो म्हण.

गोरक्ष


मळा, दिंडोरी
१६ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

फोटो पाहिला. रंग फार चकचकीत आहे. अशा मालाचा भरवसा नाही. नको.

तू उगाच धावपळ करू नकोस. पाडव्यापर्यंत नाही मिळाला तर नाही मिळाला. वस्तू जुनी झाली की तिचा पाडवा एकदा चुकायचाच.

पुंजा


इंदिरानगर, नाशिक
२४ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. डिसेंबरात पाल्याचं ऐकून भांडायला उठलेला माणूस आता म्हणतो, चुकला तर चुकला.

मारुतीचा नको, पुण्याचा नको. मी आणतो आणि तू मोडता घालतोस. बारी चुकली की गाडी विकायची, हे मला कळत नाही असं तुला वाटतं का? योगेशला शेडसाठी जागा पाहिजे असेल, किंवा तुलाच कंटाळा आला असेल. तर तोंडानं सांग. दोष माझ्या कार्बोरेटरवर कशाला ढकलतोस?

तर ऐक. मी सटाण्याला गेलो. तिकडे एका मोडीवाल्याकडे फियाटचं आख्खं धूड पडलेलं आहे, असं ग्रुपवरच्या कुणी सांगितलं होतं. धुडात बाभूळ उगवलेली. मोडीवाला काटे बाजूला करत आत शिरला आणि कार्बोरेटर काढून माझ्या हातात दिला. "हाई फियाटनंच शे, भाऊ. नही बसनं ते परत लई या." मी म्हटलं, परत यायला लावू नका. तर हसून म्हणाला, "मंग बसाडीच टाका."

बसला. संघर्षनं एक दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, जेट फुंकून साफ केले आणि बसवला. गाडी पहिल्या हिसक्याला सुरू झाली. संघर्ष माझ्याकडे बघून नुसता हसत राहिला. खाली स्नेहल आली, तीही पार्किंगचं विसरली. मला वाटलं, हे ऐकायला तू पाहिजे होतास. मग तुझं पत्र आठवलं.

असल पाहिजे होता, असल आहे. ३० मार्चला पाडवा. गाडी चालू ठेवून मी म्हसरूळच्या पुढे उभा राहीन. तू ये, नाहीतर येऊ नकोस.

गोरक्ष


मळा, दिंडोरी
३ मार्च २०२५

भाऊजींना साळूबाईचा नमस्कार.

हे पत्र त्यांना सांगून लिहिलेलं नाय. माझं अक्षर तुम्हाला माहीत हाय, लावून घ्या.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं आन् उशीखाली ठेवलं. नंतर मी वाचलं. भाऊजी, त्यांच्या अंगावरनं वारं गेलंय. संक्रांतीच्या आधी. बागेतच पडले. डावी बाजू गेली. दवाखान्यात होते, आता घरी आणलंय. बोलणं चांगलं हाय, उजवा हात चांगला हाय, म्हणून तुम्हाला अक्षरावरनं कळलं नाय. डावा पाय ओढत चार पावलं टाकतात. डावा हात नुसता लोंबतो.

मी म्हटलं, भाऊजींना कळवू. तर म्हणाले, "कळवलंस तर तो दया करायला येईल. भांडायला आला तर येऊ दे, दया करायला नको." योगेशलाबी शपथ घातली.

गाडीचं असं हाय. गिअर डाव्या हाताचा, क्लच डाव्या पायाचा. हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणे, देवानं उजवी बाजू नेली असती तर बिनब्रेकची चालवली असती. तुम्ही रस्त्यावर गाडी चालू ठेवून उतरणार आन् हे चढणार कसे? तुमच्यासमोर ते होईना, म्हणून त्यांना वाटायचं कार्बोरेटरच मिळू नाय. म्हणजे गाडी त्यांच्यामुळं गेली असं व्हायचं नाय, कार्बोरेटरमुळं गेली असं होईल. विकायचं मनात असतं तर मी तुम्हाला लिहिलं नसतं.

रोज दुपारी पलंगाच्या कडेला बसतात. उजव्या हातानं डावा पाय उचलतात आन् जमिनीवर दाबतात. परत उचलतात, परत दाबतात. मी विचारलं तर म्हणतात डॉक्टरनं सांगितलाय व्यायाम. डॉक्टरनं तो सांगितलेला नाय, मी होते तिथं.

मी लिहिलं हे कळू देऊ नका. लय चिडतील. आन् या.

साळूबाई


इंदिरानगर, नाशिक
१२ मार्च २०२५

ती. दादास नमस्कार.

मागच्या पत्रात मी फार बोललो. राग गेला आहे. कारणही सांगतो. सटाण्याच्या कार्बोरेटरची मी फार मोठी टिमकी वाजवली, आणि तो नीट नाही.

बसला आहे, गाडी चालते. पण चढाला दम तोडते. सिग्नलला उभी केली की पायानं जरा पेट्रोल देत राहावं लागतं, नाहीतर थांबते. किती द्यायचं, कधी सोडायचं, हे माझ्या पायाला थोडं कळायला लागलंय. संघर्ष म्हणतो, दुसऱ्या इंजिनावर आयुष्य काढलेला कार्बोरेटर आहे, या इंजिनावर बसायला वेळ घेणार. किती, ते त्यालाही सांगता येत नाही.

अशी गाडी मी तुझ्या हातात रस्त्यावर देऊन जाणं बरोबर नाही. ढकलत न्यावी लागली तर उद्या तूच म्हणशील, गळ्यात मारली. तेव्हा माझा विचार असा. पाडव्याला मी ती थेट मळ्यात आणतो, इंजिन चालू ठेवून. बारी चुकत नाही. बारी तुझी, गाडी तुझ्या अंगणात. मात्र कार्बोरेटर बसेपर्यंत चालवीन मी. आठवड्यातून एकदा एसटीनं येत जाईन. तू शेजारी बस आणि चुका काढ. चालू गाडी द्यायची, एवढंच आईनं सांगितलं होतं. कोण कुठल्या सीटवर बसायचं, ते तिनं सांगितलेलं नाही.

एक अडचण आहे. वाटणीनंतर मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलेलं नाही. आईच्या दहाव्यालाही नदीवरूनच परत फिरलो. त्याला तुझी परवानगी लागेल.

गोरक्ष


मळा, दिंडोरी
१८ मार्च २०२५

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

अंगण आबांचं आहे. परवानगी कसली मागतोस?

जेवायला थांबायचं. तुझी वहिनी पुरण घालणार आहे.

पुंजा


मळा, दिंडोरी
३ एप्रिल २०२५

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

पाडव्याला मी ओट्यावर बसूनच राहिलो. तू गाडीतून उतरलास, माझ्या पायाकडे बघितलं नाहीस, हाताकडे बघितलं नाहीस. "ब्रेक लागतो," म्हणालास. मग डावीकडचं दार उघडून उभा राहिलास. माणसाला आधी माहीत असल्याशिवाय इतकं न बघणं जमत नाही. तुझ्या वहिनीला मी काही विचारलेलं नाही. तूही सांगू नकोस.

दिंडोरीच्या बाजारापर्यंत आपण गेलो आणि परत आलो. मोठेपणी त्या गाडीत मी शेजारच्या सीटवर प्रथमच बसलो. तिथून रस्त्याच्या कडेचं फार दिसतं. कुणाची बाग कशी आहे, कुणी नवी विहीर काढली, कुठल्या मांडवाला नवीन तारा ओढल्या. चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. आबा शेजारी बसवायचे तेव्हा त्या जागेसाठी आपण भांडायचो, तूही आणि मीही. ती जागा तेव्हा लहानाची होती.

तू दुसरा गिअर उशिरा टाकतोस. वळणावर तुझा हात ढिला पडतो. बाकी पुढच्या वेळी सांगेन.

आता कार्बोरेटरचं. तू एसटीनं गेल्यावर योगेशनं गाडी सुरू केली. मी नको म्हणालो होतो, पण तो ऐकतो का? एका हिसक्यात सुरू झाली. त्यानं ती वरच्या पट्टीच्या चढावर नेली आणि फिरवून आणली. मग अंगणात उभी केली, पाय काढून घेतला आणि खाली उतरला. गाडी तशीच चालू. सारखा आवाज, कुठे खोकणं नाही. तुझी वहिनी चहा घेऊन आली, चहा पिऊन झाला, तरी चालूच. योगेश म्हणाला, "आप्पा, काकांना काय कळतं गाडीतलं? कार्बोरेटर एकदम टकाटक हाय. आता काय काका यायची गरज नाय, मीच फिरवीन तुम्हाला."

मी त्याला म्हटलं, गप बस. तुला यातलं कळत नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. वरच्या अंगाची बाग बघायला जायचं आहे. जुना कार्बोरेटर नव्या जागी बसायला वेळ घेतो, हे मला माहीत आहे. घेऊ दे.

पुंजा